गाडी बुटकी करण्यापूर्वी

तुमच्या इमारतीच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीजवळ जा आणि तिच्या टायरकडे नीट पाहा. (मालकाला आधी सांगा. नाहीतर तुम्ही हवा सोडायला आलात, असा त्याचा समज व्हायचा!) टायरच्या बाजूवर कंपनीच्या नावाखेरीज एक आकड्यांची ओळ उठावाने छापलेली दिसेल. उदाहरणार्थ, १६५/८० आर १४ ८५ टी. आपण रोज अशी शेकडो चाके पाहतो, पण ही ओळ फारच थोडे लोक वाचतात. ती न वाचता चाके बदलणारे मात्र आमच्या नवी मुंबईत पुष्कळ आहेत.

सुटीच्या दिवशी पहाटे वाशीहून बेलापूरला जाणाऱ्या पाम बीच मार्गावर उभे राहिलात, तर मी काय म्हणतो ते दिसेल. जमिनीला पोट टेकेल की काय, अशा बेताने खाली बसवलेल्या गाड्या, मडगार्डच्या कमानीत घट्ट बसलेली मोठमोठी चकचकीत चाके आणि त्या चाकांभोवती पट्टीएवढाच रबर. दिसायला त्या देखण्या असतात, हे मी नाकारत नाही. मलाही वळून पाहावेसे वाटते. माझी तक्रार वेगळी आहे. हे चाक कसे निवडले, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : “दुकानात लावून पाहिले, बसले.” बसले म्हणजे योग्य झाले काय?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी महाविद्यालयात मला भेटायला आला. नोकरी लागून दोन वर्षे झाली होती आणि त्याने २०१८ सालची एक स्विफ्ट जुन्यात घेतली होती. “सर, हिला खाली बसवायची आहे आणि सतरा इंची अलॉय लावायचे आहेत. दुकानदाराने २०५/४० आर १७ सांगितलाय. तुम्ही फक्त हो म्हणा.” आता माझ्या होकाराची त्याला काय गरज, हे मला कळेना. मग बोलता बोलता कळले की वडिलांनी अट घातली होती : सरांना विचार, मग पैसे घाल. महिन्यातून दोनदा तो आईवडिलांना घेऊन पनवेलमार्गे माणगावला गावी जात असे. तेव्हा प्रश्न केवळ त्याच्या हौसेचा नव्हता. मी खडू घेतला आणि आम्ही दोघे गाडीजवळ जाऊन फरशीवर गणित मांडून बसलो. तेच गणित आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम ती ओळ वाचू. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची ही रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे गुण्यागोविंदाने नांदतात. शास्त्राच्या वहीत तुम्ही असे लिहिलेत तर मी गुण कापीन, पण जगभर हीच रीत रूढ आहे.

आता चाकाचा पूर्ण व्यास काढा. रबराची उंची १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मि.मी. ती वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून २६४. रिम १४ गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मि.मी. त्याच स्विफ्टच्या वरच्या प्रकाराला कंपनी १८५/६५ आर १५ हा टायर देत असे. त्याचा व्यास तुम्हीच काढून पाहा, ६२१.५ येईल. रिम एक इंचाने वाढली, रुंदी २० मिलिमीटरने वाढली आणि पूर्ण व्यासात फरक पडला जेमतेम दोन मिलिमीटरचा! हा योगायोग नव्हे. गाडी आखणाऱ्या अभियंत्यांनी रिम वाढवताना रबर तेवढाच कमी केला आणि चाकाचा बाहेरचा आकार राखला.

आणि दुकानदाराचा २०५/४० आर १७? रबराची उंची ८२, दोनदा १६४, अधिक ४३१.८, एकूण ५९५.८ मि.मी. म्हणजे मूळ चाकापेक्षा जवळजवळ २४ मिलिमीटर लहान. सतरा इंची चाक चौदा इंची चाकापेक्षा लहान, हे ऐकून माझा विद्यार्थी चमकलाच. त्याच्या डोक्यात ‘मोठे चाक’ होते. मोठी झाली होती फक्त रिम.

व्यास घटला की दोन गोष्टी लगेच होतात. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. लहान चाक एक किलोमीटरमध्ये जास्त फेरे घेते. मूळचे ५१४, हे ५३४. त्यामुळे काटा साठावर असताना गाडी ५७.७ च्या वेगाने जात असते आणि मीटरवर हजार किलोमीटर पडतात तेव्हा प्रत्यक्षात ९६२ झालेले असतात. यात धोका नाही, फक्त गाडी विकताना आपणच आपल्या गाडीला जास्त पळालेली ठरवतो. उलट बाजूची चूक मात्र वाईट. मूळ मापापेक्षा मोठा टायर घातला तर काटा कमी वेग दाखवतो आणि चालकाला वाटते आपण मर्यादेत आहोत. दुसरी गोष्ट म्हणजे चाकाचा आस निम्म्या फरकाने, म्हणजे १२ मिलिमीटरने, खाली येतो. हे १२ लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता गाडी खाली बसवण्याकडे वळू. त्याला आखूड स्प्रिंगा लावून गाडी ४० मिलिमीटर खाली आणायची होती. असे केल्याने काहीच लाभ होत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. हा सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो आणि दोन बाजूंच्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात. समजा गाडी माणसांसह ११०० किलोची आहे, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर आहे, चाकांमधील अंतर दीड मीटर आहे आणि वळणावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे आहे. मग सरकणारा भार साधारण २०२ किलो. गाडी ४ सेंटिमीटरने खाली आणा, तो १८७ होईल. पंधरा किलोंचा फायदा! कोइमतूरच्या करी स्पीडवेसारख्या शर्यतीच्या वाटेवर, जिथे सेकंदाच्या अंशासाठी माणसे झगडतात, तिथे हे पंधरा किलो मोलाचे आहेत. तिथला रस्ता गुळगुळीत असतो, स्पीडब्रेकर नसतो आणि मागच्या सीटवर आईवडील नसतात.

आपल्या रस्त्यावर काय होते? इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ साली गतिरोधकांसाठी मापे ठरवून दिली. गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि त्याच्या पाठीची वक्रता १७ मीटर त्रिज्येची असावी, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येईल. वर्तुळाच्या जीवेचा नियम वापरून ही तीन मापे एकमेकांशी जुळतात की नाही ते जरूर ताडून पाहा. जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. जुळतात!

स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २.४५ मीटर. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली की चारही चाके त्याच्या पाठीवरच असतात, माथ्यापासून थोडी खाली. किती खाली? पुन्हा तोच नियम. २.४५ चा वर्ग ६.००, भागिले १३६, म्हणजे ४४ मि.मी. थोडक्यात, १०० मिलिमीटर उंचीचा हा उंचवटा गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेतले फक्त ४४ मिलिमीटर खातो. नीट बांधलेला गतिरोधक किती सौम्य असतो पाहा.

पण आपल्या वसाहतीतले किती गतिरोधक ३.७ मीटर रुंद असतात? तुमच्या शाळेसमोरचा मोजा. फूट-दीड फूट रुंदीचा, डांबराचा किंवा सिमेंटचा, कोणीतरी रातोरात घातलेला बांध असतो तो. त्यावरून पुढची चाके उतरली की मागची चढेपर्यंत चारही चाके सपाट रस्त्यावर असतात आणि बांधाची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. बांध १० सेंटिमीटरचा असेल तर १०० चे १०० मिलिमीटर जातात.

आता हिशेब करा. स्विफ्टच्या पोटाखालची मोकळी जागा, ज्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात, १६३ मि.मी. ही रिकाम्या गाडीची धरू. माणसे आणि सामान भरले की गाडी समजा ४० मिलिमीटर बसते, उरले १२३. शंभराचा बांध आला, तेवीस मिलिमीटर राखून गाडी पार. आता खाली आणलेली गाडी घ्या. १६३ मधून स्प्रिंगांचे ४० गेले, लहान चाकाचे ते १२ गेले, उरले १११. आखूड स्प्रिंगा जरा ताठ असतात म्हणून भाराने गाडी ३० च बसेल असे मानू. उरले ८१. शंभराच्या बांधावर ही गाडी १९ मिलिमीटरने अडकते, आणि अडकते ती पोटाने. इंजिनाच्या तेलाचे तबक साधारण तिथेच खालच्या बाजूला असते.

फरशीवर हा ८१ चा आकडा उमटला तेव्हा माझा विद्यार्थी थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, मी तिरकी काढीन ना.” सगळेच असे म्हणतात! तिरकी काढल्याने थोडा फरक पडतो हे खरे, परंतु मागून ट्रक येत असताना माणगावच्या वाटेवर गाडी आडवी-तिरपी घालणे हा काही उपाय झाला नाही.

आणखी एक गोष्ट जी डोळ्यांना दिसत नाही. स्प्रिंग म्हणजे गाडी उचलून धरणारा टेकू एवढेच नव्हे. खड्ड्यात बसलेला धक्का ती दबून साठवते. ही साठवण्याची क्षमता स्प्रिंगच्या ताठपणाच्या आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मूळ गाडीत चाकाला वर जायला समजा ८० मिलिमीटर जागा होती. त्यातली ४० आपण आधीच खर्च केली. जागा निम्मी झाली तर तोच धक्का पेलायला स्प्रिंग चौपट ताठ हवी. एवढी ताठ स्प्रिंग कोणी लावत नाही, कारण मग गाडीत बसवत नाही. परिणामी प्रत्येक मोठ्या खड्ड्यात चाक वरच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळते आणि धक्का सरळ गाडीच्या सांगाड्यात जातो. काही ठिकाणी तर नवी स्प्रिंग न घेता आहे त्याच स्प्रिंगचे वेटोळे कापून देतात. सहा वेटोळ्यांतले एक कापले तर ताठपणा सहा पंचमांश होतो, हे ठीक. पण कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खाली लोंबले की स्प्रिंग जागची हलू शकते. या प्रकाराला मी एका शब्दात नाही म्हणेन.

आता चाकाच्या रबराविषयी. यासाठी तुम्हाला जरा उसाच्या शेतात नेतो. जुन्या बैलगाडीचे लाकडी चाक छातीइतके उंच असे आणि त्यावर लोखंडी धाव चढवलेली असे. चाक इतके मोठे का? कारण मोठे चाक दगडावर सहज चढते, लहान चाक दगडाला अडते. मग साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर टायरगाडी आली. तिची चाके किती लहान असतात! तरीही दोन बैल तिच्यातून धाव असलेल्या गाडीपेक्षा जास्त ऊस ओढतात. हे कसे? धाव असलेले चाक दगड आला की सगळ्या गाडीसकट वर उचलले जाते. हवेचा टायर दगडाला आपल्या पोटात घेतो आणि गाडी जवळजवळ सपाटच चालते. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला. दगड पोटात घ्यायला पोट मात्र असावे लागते. १३२ मिलिमीटर रबर काढून ८२ मिलिमीटर लावणे म्हणजे लोखंडी धावेच्या दिशेने परत चालू लागणे होय.

किती परत? टायरलाही ढोबळमानाने स्प्रिंगच समजा. रिम खड्ड्याच्या कडेवर आदळण्यापूर्वी तो किती ऊर्जा पोटात घेईल ते उंचीच्या वर्गावर ठरेल. ८२ भागिले १३२, त्याचा वर्ग, म्हणजे ०.३९. रबर ३८ टक्क्यांनी घटला आणि धक्का सोसण्याची ताकद साठ टक्क्यांनी घटली! बुटका टायर थोडा ताठ असतो आणि त्यात हवाही जास्त भरतात, म्हणून प्रत्यक्षातला तोटा याहून काहीसा कमी असतो, पण दिशा हीच. सायकलची हवा कमी असताना तुम्ही पायरीवरून उतरला असाल तर पंक्चरवाल्याने ट्यूबवर शेजारी शेजारी दोन भोके दाखवली असतील. रिम आणि पायरीच्या मध्ये ट्यूब चिमटली गेली, त्याची ती खूण. मोटारीच्या बुटक्या टायरमध्ये नेमके हेच होते. फरक इतकाच की तिथे टायरच्या बाजूचे धागे तुटून फुगा येतो किंवा रिमच वाकते. पावसाळ्यात सायन–पनवेल महामार्गावरचा पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे, हे चालकाला वरून कळत नाही. फुगा आलेला टायर केव्हा फुटेल तेही कळत नाही.

ओळीच्या शेवटी असलेल्या ८५ आणि टी या खुणा विसरू नका. ८५ हा भारांक, त्याचा अर्थ एका टायरने ५१५ किलो पेलावे. ८० म्हणजे ४५० किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाची मर्यादा सांगते. टी म्हणजे ताशी १९०. २०५/४० आर १७ वर भारांक सामान्यतः ८० असतो, जाड बांधणीचा असला तर ८४. रुंद टायर कमी भार पेलतो, हे विचित्र वाटते ना? पण भार पेलते ती मुख्यतः आतली हवा, आणि रबराची उंची कमी झाली की हवेला जागा कमी. चार गुणिले ४५० म्हणजे १८००, गाडी तर भरली तरी एवढी होत नाही, असा युक्तिवाद माझ्या विद्यार्थ्याने केला. तो उभ्या गाडीपुरता बरोबर आहे. वळणावर आणि खड्ड्यात चार चाके भार सारखा वाटून घेत नाहीत. म्हणून माझा नियम असा की भारांक कंपनीच्या भारांकाहून खाली जाता कामा नये. टायर निवडताना आधी हा आकडा पाहावा आणि मग बाकीचे.

रुंदीचा प्रश्न शाळेतल्या हुशार मुलांना हमखास सतावतो. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे पुस्तकात लिहिलेले आहे. मग शर्यतीच्या गाड्यांना रुंद टायर का? उत्तर असे की पुस्तकातला नियम लाकूड, लोखंड अशा पदार्थांना चांगला लागू पडतो, रबर त्याला पुरता जुमानत नाही. रबरावर दर चौरस सेंटिमीटरला भार जितका कमी, तितका त्याचा घर्षणांक थोडा जास्त. तेव्हा रुंद टायरला काही लाभ आहे. पण इथेही एक गंमत आहे. एका चाकावर ३०० किलो भार आणि टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. रस्त्याला टेकलेला भाग साधारण १४३ चौरस सेंटिमीटर. यात टायरची रुंदी कुठेच आली नाही! टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली तर टेकलेले क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, त्याचा आकार बदलतो. १२ सेंटिमीटर रुंद आणि १२ लांब असा ठसा होता, तो १७ रुंद आणि साडेआठ लांब होतो.

आडवा आणि आखूड ठसा कोरड्या वळणावर चांगला. पावसात मात्र तो अडचणीचा. ठशाखालचे पाणी बाजूला सारायला टायरला जो अवधी मिळतो, तो ठशाच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि पाणी तर आता जास्त रुंदीवरून सारायचे आहे. ते सारता आले नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. अमेरिकेतल्या नासा या संस्थेच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सोपे सूत्र दिले. टायरमधील हवेच्या पौंडांचे वर्गमूळ काढा आणि सुमारे १६.६५ ने गुणा, म्हणजे तरंगू लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये येतो. ३० पौंडांना ९१, हवा २५ वर उतरली असेल तर ८३. रस्त्यावर भरपूर पाणी आणि टायरच्या खाचा त्याला अपुऱ्या, अशा स्थितीचे हे सूत्र आहे. टायर रुंद असला तर हा वेग आणखी खाली येतो. नवी मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाम बीच मार्गावर जुलैच्या रात्री ८३ हा वेग गाठणारे किती असतात, ते तुम्हीच सांगा.

रिम कोणतीही चालत नाही, हे एव्हाना कळलेच असेल. स्विफ्टच्या चाकाला चार बोल्ट असतात, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, आणि मधले भोक ५४.१ मि.मी. चे. बाजारातल्या रिमला मधले भोक मोठे असते, त्यात नेमक्या मापाची कडी बसवली नाही तर चाक थरथरते. अधिक घोटाळा होतो तो ऑफसेटमध्ये. रिमच्या रुंदीचा मध्य आणि बोल्ट आवळायची पाठ यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ रिम पाच इंच रुंद आणि नवी सात इंच असेल तर ५१ मिलिमीटर वाढले, ऑफसेट तोच ठेवला तर २५ आत आणि २५ बाहेर. ऑफसेट ४५ वरून ३५ केला की बाहेर ३५ आणि आत १५. चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा पिळ वाढतो आणि खड्ड्यात सुकाणूला हिसके बसतात. आणि आता ही कमान पाहा. गाडी खाली आणल्यावर चाकाला वर जायला कमानीतली जी जागा उरली, तीच जागा बाहेर आलेला रुंद टायर मागतो. एका खोलीत दोन भाडेकरू ठेवल्यासारखेच हे आहे. दुकानात गाडी रिकामी आणि उभी असते, म्हणून चाक “बसते”. पाच माणसे बसवून, सुकाणू पूर्ण वळवून, एका बाजूचे चाक पायरीवर चढवून पाहिले पाहिजे. कमानीच्या कडेवर टायर घासतो की नाही ते तिथे दिसेल.

कायद्याची बाजूही मी त्याला सांगितली, थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण खरे सांगू? पोलीस पकडतील म्हणून एखादी गोष्ट न करणे आणि तीत काय बिघडते ते समजून न करणे, यांत दुसरे मला शिक्षक म्हणून अधिक प्रिय आहे.

म्हणूनच शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. आपल्या पुस्तकातले चाक म्हणजे उतारावरून गडगडणारी एक घट्ट तबकडी. ती कधी दबत नाही, तिच्यात हवा नसते आणि तिच्यापुढे खड्डा येत नाही. वर्षातून एक तास वर्ग शाळेच्या फाटकाबाहेर न्या. टायरवरची ओळ वाचायला लावा, व्यास काढायला लावा, गतिरोधकाची रुंदी दोरीने मोजा. आणखी पाच-सात वर्षांनी यांतलीच मुले पहिल्या पगारातून चाके विकत घेणार आहेत. त्या वेळी दुकानात आपण त्यांच्याबरोबर नसू.

माझ्या विद्यार्थ्याने स्प्रिंगा बदलल्या नाहीत. टायर आणि कमान यांच्यामध्ये चार बोटे मावतात, ती त्याला अजून खुपतात आणि भेटला की तो मला बोटे घालून दाखवतो. सतरा इंची चाकांऐवजी त्याने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनी देत असे तोच १८५/६५ आर १५ टायर आणि त्या मापाची अलॉय रिम घेतली. टायरवर ८८ भारांक आहे हे त्याने दुकानात स्वतः वाचून घेतले. डिकीतली स्टेपनी मात्र जुनीच, १६५/८० आर १४ आहे. ती चालेल का, असे मी विचारले तेव्हा तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “व्यासात दोन मिलिमीटरचा फरक आहे सर. पंक्चरवाल्यापर्यंत जायला पुरे.”